गच्चीवरचं विकर फर्निचर, सोलापूरच्या उन्हात: प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी

घर जुळे सोलापुरात, गच्ची पश्चिमेला पूर्ण उघडी, दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत ऊन. मामांना (माझे सासरे) कंबरेमुळे खाली सतरंजीवर बसता येत नाही आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाठ भरून येते, म्हणून चार विकरच्या (सांगाड्यावर वेतासारखी प्लॅस्टिकची पट्टी विणलेल्या) खुर्च्या आणि एक टेबल करायचंय, बाराही महिने गच्चीवरच राहील असं. शिवाय माळ्यावर आत्यांच्या (माझ्या सासूबाईंच्या) माहेरून आलेल्या दोन अस्सल वेताच्या खुर्च्या पडून आहेत, त्या दुरुस्त करून खालच्या व्हरांड्यात ठेवायच्या. बजेट तीस हजार, दोन्ही कामं धरून.

विकरची जी माहिती मिळते ती बहुतेक पावसापासून जपा, गंजापासून जपा अशीच असते. ती पुण्या-मुंबईला ठीक आहे. इथं एप्रिल-मे मधे पारा ४२-४३ ला सहज जातो, पाऊस मोजका आणि त्यातला जास्त जोर सप्टेंबरात, बोअरचं पाणी खारट. म्हणून इथल्या हिशोबानं काय चालतं ते लिहून ठेवतेय, गावाकडं कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

१६ फेब्रुवारी

नवी पेठ, होटगी रोड, सगळीकडं दुकानं बघून झाली. तयार चार खुर्च्या-एक टेबल असा सेट २२ ते २८ हजार, लोखंडी सांगाड्याचा. अ‍ॅल्युमिनियमचा म्हणाल तर ४० च्या पुढं. बरोबर फ्रीजवरचा लोहचुंबक नेला होता, तो फार कामाला आला. एका दुकानात अ‍ॅल्युमिनियम म्हणून दाखवलेल्या खुर्चीला चुंबक पायाला चिकटला नाही पण बैठकीखालच्या आडव्या पाइपला घट्ट चिकटला, म्हणजे पाय एक आणि बैठक दुसरीच. त्यामुळं चुंबक एका ठिकाणी लावून थांबू नका, पाठ, हात, बैठकीखालचा आडवा दांडा, सगळीकडं लावून बघा.

दुसरं, खुर्ची उलटी करायची. दुकानदाराला आवडत नाही पण करायचीच. खालून मोबाइलची बॅटरी मारली की विणकामाच्या आतला पाइप दिसतो. तीन-चार ठिकाणी आत नुसता काळा लोखंडी पाइप होता, पावडर कोटिंग (पावडर मारून भट्टीत भाजलेला रंग) फक्त बाहेर दिसणाऱ्या पायांना. विणकामाच्या आतच धूळ आणि ओल अडकते, आणि तिथंच कोटिंग नाही.

पट्टी सगळेच ‘यूव्ही आहे मॅडम’ म्हणून सांगतात, म्हणजे उन्हातले अतिनील किरण सोसणारी. मी प्रत्येक ठिकाणी पट्टीचा बोटभर तुकडा मागितला. दोघांनी लगेच दिला, एकानं कुरकुरत दिला, बाकीच्यांनी दिला नाही. न देणाऱ्यांकडून घ्यायचं नाही असं ठरवून टाकलं.

१९ फेब्रुवारी

तीन तुकड्यांची परीक्षा घेतली. कुठलंही यंत्र लागत नाही.

आधी ब्लेडनं तिरका काप दिला. चांगल्या पट्टीत रंग आतपर्यंत एकसारखा असतो. एका तुकड्यात वरून चॉकलेटी आणि आत मळकट पांढरं निघालं, म्हणजे वरचा थर उन्हानं गेला की खुर्ची पट्ट्यापट्ट्यांची दिसणार.

मग पाण्याचा ग्लास. पॉलिथिन (पीई, एचडीपीई) पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून तरंगतं, पीव्हीसी जड असतं म्हणून बुडतं. तुकडा आधी ओल्या बोटानं चोळून घ्यायचा, नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटून पीव्हीसी पण तरंगल्यासारखं वाटतं. दोन तरंगले, एक बुडाला. पॉलिथिनमधे खडूची पूड जास्त भरली असेल तर ते पण बुडतं, पण तसली पट्टी ठिसूळच असते, त्यामुळं बुडालेलं घ्यायचंच नाही. पीव्हीसीला मऊ ठेवणारं जे द्रव्य असतं ते उन्हानं हळूहळू बाहेर येतं, आधी पट्टी चिकट होते, मग कडक होऊन तडकते.

जाळून बघायची पण पद्धत आहे, पीई मेणबत्तीसारखा वास देऊन थेंब थेंब गळतं आणि पीव्हीसी झोंबणारा धूर देतं, ज्योत काढली की विझतं. तो धूर आम्लाचा असतो, नाकात जाऊ देऊ नका. पाण्यानं काम होतंय तर जाळायची गरजच नाही, मी नाही जाळलं.

तरंगलेल्या दोघांतल्या एकाला गाठ मारून आवळली तर वळणावर पांढरी रेष उठली. दुसरा जसाच्या तसा. तोच पसंत केला, मधासारखा मध्यम तपकिरी. खरं तर काळा रंग उन्हात सगळ्यात जास्त टिकतो कारण काळ्याला वापरतात ती काजळी स्वतःच अतिनील किरण अडवते, पण आपल्याकडं मे महिन्यात काळ्या खुर्चीच्या हाताला हात लावून दाखवा.

२७ फेब्रुवारी

तयार सेट घ्यायचा विचार सोडला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक वर्कशॉप आहे, तिथं सांगाडा, पावडर कोटिंग आणि विणकाम तिन्ही होतं. खुर्ची ४,४०० रुपये, आमच्या पसंतीच्या पट्टीत. चार खुर्च्या १७,६०० आणि टेबलाचा सांगाडा २,२००. तयार सेटपेक्षा फार स्वस्त नाही पण आत काय आहे ते आपल्याला बघता येतं, तेवढ्यासाठीच मी तिथं दिलं.

अ‍ॅल्युमिनियम की लोखंड यावर घरात बराच खल झाला. कोकणात राहत असते तर डोळे झाकून अ‍ॅल्युमिनियम घेतलं असतं, खारी हवा लोखंडाला सोडत नाही. इथली हवा वर्षातले आठ महिने कोरडी ठक्क. कोटिंग नीट असेल तर लोखंड चांगलं चालतं आणि जड असतं, जे आपल्या वळवाच्या वाऱ्याला फायद्याचंच आहे, हलक्या खुर्च्या कठड्यावरून खाली जायची भीती असते. पाइप १६ गेजचा सांगितला. १८ गेज पातळ असतो, आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे दुकानात उलटं समजून घेणारे बरेच भेटले.

एक अट घातली, कोटिंग झाल्यावर आणि विणायच्या आधी सांगाडा मी बघणार. कारण पावडर कोटिंग भट्टीत साधारण १८० ते २०० डिग्रीला भाजतात आणि ही पट्टी त्याच्या कितीतरी आधी वितळते. म्हणजे एकदा विणल्यावर परत कोटिंग करायचं म्हणजे सगळं विणकाम कापून टाकायचं.

१५ मार्च

सांगाडे बघितले. दोन खुर्च्यांच्या मागच्या पायाच्या वेल्डिंगवर बारीक बारीक खड्डे, कोटिंग तिथं फुगल्यासारखं. वेल्डिंगचा मळ ग्राइंडरनं न काढता तसंच टाकीत धुवून पावडर मारली होती. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला. परत करायला लावलं, त्यात दोन आठवडे जाणार कारण भट्टी दुसऱ्या ऑर्डरला लागलीय. गेले तर गेले. वेल्डचा सांधा हीच गंज सुरू व्हायची जागा असते, आणि विणल्यावर ती कधीच दिसत नाही.

विणणाऱ्या चाचांशी बोलणं झालं. पट्टीचं टोक दाबायला पिना मारतात, पिन गेली की कोटिंगला भोक पडलंच. मी विचारलं पिनेशिवाय होतं का, तर म्हणाले, ‘होतंय की ताई, टोक आत फिरवून सोल्डरिंगनं डाग द्यायचा, वेळ जातो म्हणून कुणी करत नाही.’ खुर्चीमागं दीडशे रुपये जास्त घेतले, मी आनंदानं दिले. वर म्हणाले, ‘पावसाची काळजी नका करू, ह्याला ऊन मारतं. सावली करा आधी.’ सगळ्या दुकानांत फिरून जे कुणी सांगितलं नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

२२ मार्च

मधल्या वेळात जुन्या वेताच्या खुर्च्या काढल्या. सांगाडा भक्कम, जाड वेताचा, सांध्यांवरची गुंडाळलेली पट्टी मात्र सुटलेली, आणि एका खुर्चीखाली पिवळसर पीठ पडलेलं. ते पीठ म्हणजे भुंगेरा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात. लाकडाच्या भुंगेऱ्याचं औषध हार्डवेअरमधे मिळतं, ते इंजेक्शनच्या सुईनं एकेका भोकात सोडलं, हातमोजे घालून, अंगणात, आणि पोरांना त्या दिवशी मागच्या दारानं पाठवलं. भोकं मेणानं बुजवली, म्हणजे नवीन पीठ पडलं तर ते नवीन भोकातूनच आहे हे कळतं.

सांध्यांसाठी वेताची नवी पट्टी आणली, ३८० रुपयांची. कोरडी गुंडाळायला गेलं की तडकते. साधारण अर्धा तास पाण्यात भिजवायची, मग ती दोरीसारखी वळते, चकचकीत बाजू वर ठेवायची आणि ओली असतानाच करकचून आवळायची, वाळली की आणखी घट्ट बसते. टोकाला लाकडाचा गोंद आणि बारीक चूक (छोटा खिळा).

३० मार्च

वेताला तेल. घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल घरात होतं, आत्या म्हणाल्या हेच लाव, पूर्वी हेच लावायचे. लावलं. आठवडाभर खुर्ची चिकट, त्यावर धूळ बसून राखाडी थर. कच्चं जवस तेल सुकायला फार वेळ घेतं आणि सोलापूरच्या धुळीत तेवढा वेळ मिळत नाही. टर्पेंटाइनमधे बुडवलेल्या फडक्यानं सगळं पुसून काढलं, त्यात अख्खा रविवार गेला. मग रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड लिन्सीड ऑइल आणलं, टर्पेंटाइन निम्मं निम्मं घालून अगदी पातळ हात दिला आणि पंधरा मिनिटांनी कोरड्या कापडानं जादाचं पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी कोरडं.

ही गोष्ट नीट वाचा: जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून टाकायचं नाही. तेल सुकताना गरम होतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर जायला वाव नसला की फडकं आपोआप पेटू शकतं. फडकं पाण्यात भिजवून मग टाका, नाहीतर दोरीवर पसरून वाळवा. मार्च-एप्रिलच्या आपल्या हवेत तर हे विसरायचंच नाही.

या खुर्च्या कायम व्हरांड्यातच. अस्सल वेत उन्हात ठेवला की सुकून चिरतो आणि पावसात ठेवला की बुरशी धरतो, त्याला गच्चीवर नेण्यात अर्थ नाही. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशनं झाडायचं, महिन्यातून एकदा पिळलेल्या ओल्या फडक्यानं पुसायचं, वर्षातून एकदा तेल.

१३ एप्रिल

खुर्च्या आल्या. विणकाम सुरेख, टोकं आत. पायाच्या रबरी बुटांत मात्र पाणी साठणार हे उघड दिसत होतं, पाइपच्या आत गेलेलं पाणी खाली बुटात बसून राहतं आणि पाय आतून गंजतो, बाहेरून कळत पण नाही. प्रत्येक बुटाच्या तळाला गरम खिळ्यानं भोक पाडलं. मिनिटाचं काम.

टेबलाला काच नको म्हणून शहाबादी फरशीचा पॉलिश केलेला तुकडा बसवला, ९०० रुपये. जड आहे, वाऱ्याला हलत नाही, चहा सांडला तरी पुसलं की झालं.

दुपारी तीनला भावाच्या तापमान मोजायच्या गननं बघितलं तर पट्टी साठच्या पुढं. पांढऱ्या कूलिंग पेंटमुळं गच्ची गार राहते पण ऊन खालून परत खुर्चीवर येतं, बैठकीखालची पट्टी पण तापते. शेडनेटशिवाय (सावलीच्या जाळीशिवाय) गत्यंतर नाही.

२० एप्रिल

शेडनेट मार्केट यार्डाजवळच्या शेतीच्या दुकानातून घेतलं, फर्निचरवाले आणि पडदेवाले त्याच मालाला दुप्पट सांगत होते. आपल्या जिल्ह्यात डाळिंब-द्राक्षवाले हेच वापरतात, त्यामुळं ५० टक्के, ७५ टक्के (तेवढं ऊन अडवणारं) सगळं मिळतं. ७५ टक्क्याचं हिरवं घेतलं, तीन बाय पाच मीटर. जाळी, पाइप, तार आणि वेल्डरची मजुरी धरून ४,१००. कठड्याला क्लॅम्प लावून पाइप उभे केले, गच्चीच्या स्लॅबला कुठंही भोक पाडलं नाही, पाडलं की पुढच्या पावसात खालच्या खोलीत गळती.

नेटखाली त्याच वेळेला पट्टी ४७. हात टेकवता येतो.

२ मे

काल संध्याकाळी वळीव. धुळीचं वादळ, मग दहा मिनिटं टपोरा पाऊस. नेट ताठ ओढून तारेनं बांधलं होतं, वाऱ्यानं खालून उचललं आणि दोन कोपरे कडीसकट फाटले. खुर्च्या जागच्या हलल्या नाहीत.

दुरुस्ती अशी: कडेला नेटचीच दुहेरी पट्टी शिवून घेतली, रविवार पेठेतल्या ताडपत्री शिवणाऱ्यानं १५० रुपयांत शिवून दिली. तारेऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबची वेढी लावली, वारा आला की ताणतात आणि परत येतात. पश्चिमेची बाजू नुसती हुकावर ठेवलीय, जोराचं वारं आलं की तेवढी बाजू सुटून नेट झेंड्यासारखं फडफडतं पण फाटत नाही. (नंतरची भर: पुढं आणखी दोन वळीव झाले, नेट शाबूत.)

१८ मे

गाद्या. यात मामांचं ऐकलं आणि फार बरं झालं. त्यांची सगळी नोकरी सुताच्या रंगखान्यात गेली. मी सोलापुरी चादरीचीच कव्हरं शिवायचं म्हणत होते, ते म्हणाले, ‘चादर चांगली, पण सूत कुठल्या रंगातलं आहे ते विचार. डायरेक्ट रंगाचं सूत उन्हात उतरतं, व्हॅटचं टिकतं.’ दुकानात कुणाला खात्रीनं सांगता येईना, म्हणून त्यांनीच युक्ती सांगितली. दोन चादरींच्या कोपऱ्यावर अर्ध्या भागात पुठ्ठा बांधून गच्चीवर भर उन्हात पंधरवडाभर ठेवल्या. मरून रंगाच्या चादरीवर पुठ्ठ्याची रेघ स्वच्छ उमटली. निळी होती तशीच. निळीची कव्हरं शिवली, मरून रंगाची चादर घरात पलंगावर. कुठलंही कापड बाहेर वापरायचं असेल तर ही परीक्षा करूनच घ्या.

फोम ४० डेन्सिटीचा, दोन इंची, चार बैठकींचे १,८००. ३२ चा स्वस्त होता पण मामांच्या वजनानं तो दबून बसतो. साधा फोम भिजला की वाळायला दिवसच्या दिवस घेतो आणि वास मारतो, म्हणून कव्हरच्या खालच्या बाजूला कापडाऐवजी शेडनेटचाच उरलेला तुकडा शिवला, पाणी निथळून जातं. एका बाजूला चेन, म्हणजे कव्हर काढून धुता येतं. तरी पण गाद्या रात्री जिन्याच्या खोलीत. हा नेम मोडायचा नाही.

८ जून

धुण्याचं. धूळ एवढी बसते की पंधरा दिवसांत विणकामाच्या खाचा भरतात. बोअरच्या पाण्यानं पाइप लावून धुतलं तर वाळल्यावर सगळीकडं पांढरट डाग, पट्टी जुनी झाल्यासारखी. ते क्षार होते. पांढरा व्हिनेगर एक वाटी आणि पाणी चार वाट्या, जुन्या टूथब्रशनं घासून गेलं, पण सांगाड्यावर ते राहू द्यायचं नाही, लगेच साध्या पाण्यानं पुसायचं. आरओचं वाया जाणारं पाणी वापरूया असं घरात सुचवलं गेलं, पण त्यात क्षार बोअरपेक्षा दाट होऊन येतात, ते तर नकोच.

नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी येणार, ते खुर्च्यांवर कोण घालवणार. उपाय घरातच होता: एसीच्या नळीतून गळणारं पाणी. ते हवेतलं बाष्प थंड होऊन आलेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. मे मधे हवा कोरडी म्हणून तांब्याभरच मिळायचं, जून लागला तशी रात्रीत अर्धी बादली भरायला लागली. आता पद्धत ठरलीय: आधी कोरड्या रंगाच्या ब्रशनं खाचांतली धूळ काढायची, मग एसीच्या पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून फडक्यानं पुसायचं, मग नुसत्या त्याच पाण्यानं. चार खुर्च्यांना अर्धी बादली पुरते. धूळ आधी न काढता ओलं केलं की चिखल होऊन आत बसतो, तो काढायला तिप्पट वेळ. गाडी धुवायचा प्रेशर पंप लावू नका, त्या जोरानं विण सैल होते.

२१ सप्टेंबर

पावसाची झड लागली म्हणून निळी ताडपत्री चारही बाजूंनी गुंडाळून बांधली होती. उघडलं तर आतून घाम सुटलेला आणि बैठकीच्या कडेला काळे ठिपके. बुरशी पट्टीला खात नाही, पट्टीवर बसलेल्या मळावर वाढते, त्यामुळं साबणाच्या पाण्यानं आणि ब्रशनं निघून गेली. ताडपत्री आता वरून टोपीसारखी, बाजूंनी वीतभर उघडी, आणि खुर्च्या भिंतीला पुढं झुकवून ठेवते म्हणजे बैठकीत पाणी साचत नाही. नंतर ठिपके आले नाहीत.

१२ ऑक्टोबर

हिशोब: खुर्च्या १७,६००, विणकामाचे जादा ६००, टेबल फरशीसह ३,१००, शेडनेट दुरुस्ती धरून ४,२५०, फोम १,८००, चादरी आणि शिलाई १,५५०, जुन्या खुर्च्यांचं सामान १,१००. एकूण बरोबर ३०,०००. तयार सेट घेतला असता तर सावलीला पैसे उरले नसते, आणि माझं स्पष्ट मत झालंय की आधी शेडनेट लावा, मग उरलेल्या पैशात जे बसेल ते फर्निचर घ्या.

उन्हाळा-पावसाळा दोन्ही झाल्यावर सगळ्या खुर्च्या उलट्या करून बघितल्या. वेल्ड कोरडे, बुटांत पाणी नाही. एका खुर्चीच्या हाताची पट्टी शेडनेटबाहेर राहायची, तिचा रंग बाकीच्यांपेक्षा किंचित फिका झालाय, एरवी दिसत नाही, शेजारी ठेवलं की कळतं. नेट पश्चिमेला फूटभर वाढवायचंय, फेब्रुवारीच्या आत. वर्कशॉपमधून त्याच लॉटची पाव किलो पट्टी मागून आणलीय कारण पुढं दुरुस्तीला नेमका तोच रंग मिळत नाही. पट्टी बदलताना हेअर ड्रायरनं गरम केली की मऊ होते, मग विणीत सरकते, एवढं चाचांनी दाखवून ठेवलंय.